धुऱ्यावरच्या तुळशीचं वाण

संक्रांतीचं वाण कुणी घरात ठेवत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. छिंदवाड्याकडच्या सौंसरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. गल्लीतल्या बायकांचं माझ्यापासून काही लपत नाही. कुणाचा ब्लाउज दिवाळीनंतर उसवावा लागला, कुणाची कोरी साडी नणंद नेसून गेली, सगळं माझ्या मशीनखालून जातं. तरी मी फसले.

फसण्याआधी मला इशाराही मिळाला होता. काही वर्षांपूर्वी मी हळदीकुंकवाला नारिंगी साबणदाण्या लुटल्या. वाण वाटायचं नसतं, लुटायचं असतं. घरी आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या पदरात काहीतरी वस्तू घालायची आणि रथसप्तमीपर्यंत दुसऱ्यांच्या घरी जाऊन आपल्या पदरात घ्यायची. त्या साबणदाण्यांतल्या एकीचा कोपरा माझ्याच इस्त्रीला लागून वितळला होता, म्हणून ती मी जरा कमी ओळखीच्या बाईला दिली. दोन-तीन संक्रांती गेल्या आणि लोधीखेड्याच्या एका बाईनं मोठ्या प्रेमानं माझ्या पदरात वाण घातलं, तर तीच साबणदाणी, तोच कोपरा. "अय्या, किती छान!" मी म्हणाले. पुढच्या वर्षी मी ती पांढुर्ण्याच्या माझ्या जावेला दिली. तिनं ती ठेवली असेल असं मला मुळीच वाटत नाही.

इतकं सगळं पाहिलेलं असताना गेल्या संक्रांतीला मी जिवंत रोपं वाण म्हणून लुटली. त्याला कारण माझ्या सासूबाई.

त्यांना मी आई म्हणते. आईंचं माहेर बोरगावजवळचं. माहेर म्हणजे आता नुसतं बोलायला. भाऊ गेले, भाचे नागपूरला नोकरीला, घर पडून त्या जागी कुणीतरी दुकानं काढली. उरलं होतं एक वावर आणि त्या वावराचा धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावर थंडीत एक झाड उगवायचं. झाड कसलं, रोपटंच ते. सुरुवातीला पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात, मग मधून चौकोनी दांडा वर येतो. पान खरखरीत, सुरकुतलेलं. चुरगाळलं की वास असा येतो की तुळस आणि ओवा भांडून एकत्र राहायला आलेत असं वाटावं. आई त्याला धुऱ्यावरची तुळस म्हणायच्या. दुसरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारलं तर त्या चिडायच्या.

"तुह्या आईले तू नावानं हाक मारते का?" असं एकदा मला ऐकवलं होतं.

दर वर्षी थंडी पडली की आई माझ्या नवऱ्याच्या मागे लागायच्या. तो त्यांना गाडीवर बसवून त्या धुऱ्यावर घेऊन जायचा. आई तिथे खाली बसायच्या, एक पान खुडायच्या, वास घ्यायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि उठायच्या. घरी आल्यावर पाय धुताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "माहेरी जाऊन आली बाप्पा एकदाची." त्यांची आई जिवंत असताना दर वेळी निघताना लेकीच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर त्या झाडाच्या बियांची पुडी घालायची. ते बी पाण्यात टाकलं की सब्जासारखं फुगतं, उन्हाळ्यात सरबतात घालायचं. ही गोष्ट मी आईंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की ती सुरू झाली की मी मशीन चालू करायची.

मागे एकदा मी त्या झाडाचा फोटो काढला होता. छिंदवाड्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणारे एक सर आहेत, त्यांच्या बायकोचे ब्लाउज माझ्याकडे येतात. सहज म्हणून फोटो पाठवला. एरवी ब्लाउज तयार झाल्याचा निरोप धाडला तर आठवडाभर उत्तर न देणाऱ्या त्या घरातून लगेच फोन आला.

"वहिनी, हे कुठं भेटलं तुम्हाले? बाहेरच्या देशात लोक सेज म्हणून पानं टाकतात ना जेवणात, त्याच्या कुळातलं रानटी झाड आहे हे. अगोदर धुऱ्या-नाल्याच्या काठानं दिसे. आता तणनाशकानं सारं साफ करून टाकलं. मी तर ह्या भागात हे शोधणंच सोडलं होतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पक्कं लक्षात राहिलं. हे झाड एका वर्षाचं. थंडीत उगवतं, होळीच्या मागेपुढे फुलतं, बी टाकतं आणि उन्हात मरतं. एका हंगामात बी धरलं नाही तर पुढच्या वर्षी काही नाही. आईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "येवढं शिकून त्यानं येवढंच सांगतलं? हे तर बकरीलेही माहीत आहे." पण त्या दिवसापासून त्यांची चाल जरा ताठ झाली. आपल्या माहेरचं झाड छिंदवाड्याच्या कॉलेजात गाजतंय हे त्यांनी भाजीवालीलासुद्धा सांगितलं.

आणि गेल्या डिसेंबरात भाच्यांनी ते वावर विकलं.

विकलं ते विकलं, आईंनी त्याचं काही मनाला लावून घेतलं नाही. पण नव्या मालकाला तिथं गोदाम बांधायचं होतं, आणि एका संध्याकाळी दुकानात आलेल्या बोरगावच्या बाईनं बोलता बोलता सांगितलं की उद्या जेसीबी लागतोय. आई आतून बाहेर आल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"सूनबाई, माहा धुरा जाऊन राहिला," एवढंच त्या म्हणाल्या आणि तिथेच फॉलच्या गठ्ठ्यावर बसल्या.

सकाळी आम्ही नवऱ्याच्या छोट्या हत्तीतून निघालो. छोटा हत्ती म्हणजे ती लहानशी मालगाडी, तिच्यातून तो आमच्या बगीच्यातली संत्री बाजारात नेतो. मागे संत्र्यांचे रिकामे क्रेट होते. पोचलो तेव्हा जेसीबी धुऱ्याच्या एका टोकाला लागलासुद्धा होता. आई गाडी थांबायच्या आत उतरल्या आणि सरळ त्या पिवळ्या यंत्रासमोर जाऊन खुरपं घेऊन बसल्या.

"आजी, बाजूले व्हा. मशीन आहे हे," चालवणारा वरून ओरडला.

"मशीन आहे ते दिसून राहिलं मले. तू चहा पिऊन ये."

"चहा झाला माहा."

"मंग आनखीन पी. थंडीचे दिवस आहेत."

तो चालवणारा हसला ते बरं झालं. खाली उतरून त्यानं विचारलं की आजी, सोनंबिनं पुरलंय का. आईंनी त्याच्या नाकाखाली एक चुरगाळलेलं पान धरलं. त्यानं वास घेतला, आणखी एकदा घेतला, आणि म्हणाला, "हे तर आमच्याकडं आजी काढ्यात टाकत होती जी!" आईंना मनातून तो जावई वाटायला लागला असणार. त्या दोन-दोन पानांची नाजूक रोपं खुरप्यानं काढत होत्या, मुळं तुटत होती, आणि मी मागून, हळू, हळू, असं ओरडत होते. शेवटी त्यानंच सुचवलं की हातानं कुठवर काढाल. त्यानं धुऱ्याचा एक अख्खा तुकडा, गवत-मातीसकट, यंत्राच्या बादलीत अलगद उचलला आणि आमच्या गाडीत ठेवला. गाडी मागून बसली.

"मी काय मातीची गाडी भाड्यानं आनली का?" नवरा म्हणाला.

"माहं माहेर आहे ते. संत्र्यापेक्षा हलकं आहे," आई म्हणाल्या.

घरी आणून आम्ही ती माती विस्कटली, रोपं सुटी केली आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून कागदी पेले आणून एकेका पेल्यात एकेक लावलं. पंचवीस-तीस भरली असतील. वऱ्हांड्यात ती रांगेनं मांडल्यावर असं वाटत होतं की कुणाच्या तरी लग्नात चहा ओतून ठेवलाय आणि वऱ्हाड आलंच नाही. मी सरांना फोन केला. ते म्हणाले सगळी एका जागी ठेवू नका, दहा घरी द्या, कुठंतरी बी धरेल. आई पलीकडून ओरडल्या, "मी बी तेच म्हनून राहिली. एकाच जागी ठेवली तर एक बकरी पुरे."

दहा घरी द्या. आणि संक्रांत तोंडावर आलेली. मला वाटलं, याहून सोपं काय असणार? वाण नाकारता येत नाही. नाकारणं अपशकुनाचं. म्हणजे प्रत्येक घरात एक रोप जाणारच, आणि देवाधर्माचं म्हणून त्याला पाणी मिळणारच. माझ्या हुशारीवर मी इतकी खूष होते की नवऱ्याला दोनदा सांगितलं. त्यानं दोन्ही वेळा नुसतं "हूं" केलं. तो असा "हूं" करतो तेव्हा नंतर हमखास काहीतरी बिघडतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी पुढच्या खोलीत सतरंजी घातली. बायका आल्या. मी एकेकीला हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला आणि पदरात पेला ठेवला. माती सांडेल म्हणून सगळ्या नव्या साड्या आवरत होत्या.

"वहिनी, हे काय वो?"

"झाड."

"कशाचं?"

"तुळशीच्या बहिणीचं."

"मंग हिले प्रदक्षिणा घालाच्या का?"

आतल्या खोलीच्या पडद्यामागून आवाज आला, "प्रदक्षिणा नोको घालू, पानी घाल! तेबी कमी!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पूर्ण नाही. सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी आई आतल्या खोलीत बसतात. त्यांना कुणी आत बस म्हटलेलं नाही. बाहेर ये असंही कुणी म्हटलेलं नाही. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, चला ना बाहेर, कोण काय म्हणतंय बघू. तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे. आतून मले जास्त ऐकू येते." विनोद केला की समोरच्याला पुढे बोलता येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. मला मात्र राग येतो. कुणाचा येतो ते सांगता येत नाही, कारण त्या बायकांमध्ये मीही असते आणि कुंकवाचा करंडा माझ्याच हातात असतो. ज्या बाईच्या माहेरचं झाड मी पदरापदरांत घालत होते, तिच्या पदरात काही घालायची कुणाला परवानगी नव्हती. त्या आतून सूचना देत होत्या, उन्हात ठेव, कोंबड्यांपासून जप, आणि बाहेर बायका "हो मावशी, हो मावशी" करत होत्या.

रोपं गेली. चार-पाच आम्ही गच्चीवर ठेवली होती. ती माकडांनी खाल्ली. खाऊन रिकामे पेले खाली दुकानाच्या पायरीवर टाकले, कपबशी विसळायला द्यावी तसे. आई म्हणाल्या, "काही हरकत नाही. गावात आहेत ना आपली." त्यांचा त्या बायकांवर विश्वास होता. माझाही होता.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, गल्लीतल्या शेवटच्या हळदीकुंकवाला, पलीकडच्या घरच्या वहिनींनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, लाडू दिला आणि पदरात एक कागदी पेला ठेवला.

मी पाहतच राहिले. आमच्याच चहावाल्याचा पेला. आत आमचीच तुळस, दोन पानं उरलेली, मान टाकलेली. पानांवर हळदकुंकवाचे इतके थर की ते झाड किती घरं फिरून आलंय ते थरांवरूनच मोजावं.

"फार शुभ असते म्हनतात हे," त्या वहिनी मला समजावून सांगायला लागल्या. "प्रदक्षिणा घालाच्या."

मी "अय्या, किती छान" म्हणाले नाही. घरी येऊन पेला आईंच्या समोर ठेवला. त्यांनी तो उचलला, पानांवरचं कुंकू पदराच्या टोकानं पुसलं, फुंकर मारली. मग हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माहेरवाशीण फिरून आली. कोनी ठेवून नाही घेतली तिले." त्यांनी ती खिडकीत ठेवली. आठ दिवस पाणी घातलं, सावलीत ठेवून पाहिली, उन्हात ठेवून पाहिली. ती वाचली नाही.

मग मी फोन हातात घेतला. आपल्या गिऱ्हाइकांशी भांडायचं नसतं, पण त्या दिवसांत मी भांडले. पहिलीनं सांगितलं की तिनं लोधीखेड्याच्या बहिणीला दिलं, कारण तिच्याकडे वाण कमी पडलं होतं. बहिणीनं शेजारणीला दिलं. शेजारणीनं तण समजून उपटलं. दुसरीचं गाईनं खाल्लं. तिसरीनं तुळशीवृंदावनात लावलं आणि आंघोळीचं गरम पाणी घातलं. चौथी म्हणाली, "वहिनी, तुम्हीच मांगं साबनदानी फिरवली होती ना? मंग आता कायले चिडून राहिल्या?" तिचा मी फोन ठेवला. तिचं म्हणणं बरोबर होतं म्हणूनच ठेवला.

जिथं जिथं विचारलं तिथं तेच. आमचं झाड सौंसर तालुक्यात घरोघर गेलं, प्रत्येक घरी कुंकू लावून घेतलं आणि पुढच्या घरी निघालं. कुठंच मूळ धरायला त्याला चार दिवस मिळाले नाहीत. संध्याकाळी आई विचारायच्या, "कुठं लागला का पत्ता?" आणि मी "शोधतेय" म्हणायची. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. गच्चीवर जाऊन त्या संत्र्यांच्या क्रेटमध्ये भरून ठेवलेली धुऱ्याची उरलेली माती हातानं उकरून बघायच्या, एखादं बी उगवलंय का म्हणून. त्या दिवसांत माझ्याकडून मशीनवर सुई तीनदा मोडली.

सगळ्यात शेवटी मी पांढुर्ण्याच्या जावेला फोन लावला. शेवटी, कारण तिच्याकडून काही आशा नव्हती. तिला मीच एक रोप पाठवलं होतं.

"ते झाड?" जाऊ म्हणाली. "मी जिन्यात ठेवलं होतं. हळदीकुंकवाले द्याचं होतं, पण जिन्यातून गायबच झालं ना ते. मंग मी वाट्या दिल्या."

"गायब कसं होईल?"

"वरची बाई घेऊन गेली असंन. तिले असं वाळलं-सुकलं उचलाची सवय आहे."

वरच्या मजल्यावर राहणारी बाई नगरपालिकेत नोकरीला आहे, एवढं मला माहीत होतं. जावेकडून तिचा नंबर घेऊन मी फोन केला. पलीकडून शांत आवाज आला, "हो, आहे ना. फुललं ते. या ना पाहाले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आई आणि मी पांढुर्ण्याला गेलो. होळी होऊन थोडे दिवस झाले होते, बसच्या पत्र्यावर अजून रंगाचे हात उमटलेले होते. आई खिडकीशी बसून बाहेरचे धुरे बघत होत्या.

वरच्या घराचं दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. ती बाई माझ्याच वयाची, ऑफिसला जायच्या तयारीत. आम्हाला थेट गच्चीवर घेऊन गेली. तिथं मिरच्यांच्या कुंड्यांच्या मधोमध तेलाच्या एका जुन्या डब्यात आमची तुळस उभी होती. गुडघ्याच्या वर उंच. चौकोनी दांड्यावर मजल्यामजल्यानं फुलं, फिकट जांभळी, नखाएवढी. खालचे मजले वाळून तपकिरी झाले होते, वरचे अजून फुलत होते.

आई डब्यापाशी खाली बसल्या. एक पान चुरगाळून वास घेतला. मग मान न वळवता मला म्हणाल्या, "तेच आहे."

"तुम्ही पुढं कुणाला दिलं नाही?" मी त्या बाईला विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण तोपर्यंत मला जगात फक्त तोच एक प्रश्न उरला होता.

"कोनाले देऊ?" ती हसली. "आमच्याकडं हे हळदीकुंकू नसते. मले कोनी वाण देत नाही न मी कोनाले देत नाही. माह्या घरात आलेली वस्तू घरातच राह्यते. जिन्यात वाळून राहिलं होतं बिचारं, म्हनून उचललं. तुमच्या जाऊबाईले सांगाचंच राहून गेलं."

आई मोठ्यानं हसल्या. मीही हसले, आणि हसताना त्या सगळ्या घरांची, त्या पेल्याची, कुंकवाच्या थरांची आठवण होऊन मला हसू आवरेना. इतक्यात एक मधमाशी आली आणि एका फुलाच्या खालच्या, ओठासारख्या पाकळीवर बसून आत डोकं घालू लागली. आतून एक बारीक दांडी खाली वाकली आणि तिच्या पाठीला पिवळं लावून परत वर गेली. मी यापूर्वी कधी निरखून पाहिलंच नव्हतं.

"पाहा," आई म्हणाल्या, "फूल हळद लावून राहिलं तिले. अन् इच्यारत नाही काही."

त्या हे माशीविषयी बोलत होत्या, पण त्यांचा आवाज जरा निराळा होता. त्या बाईला तो कळला असेल असं मला वाटत नाही. तिला ऑफिसला उशीर होत होता.

"खालचं बी पिकलं आहे आई, न्या ना," ती म्हणाली. "नाही तर वाऱ्यानं उडून जाईन." तिनं वाळलेले दांडे खुडायला सुरुवात केली. पिशवी आणायला मी खाली वळले, पण ती थांबलीच नाही. "पिशवी कायले पाह्यजे? पदर धरा आई."

आईंचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले.

"माह्या पदरात?" त्यांनी विचारलं.

"मंग कोनाच्या?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या साडीला पिको मीच केला होता. तो पदर मी कितीदा हातात धरला असेन, पण इतक्या वर्षांत कुणी त्यात काही घातलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो हळूच खांद्यावरून ओढला, दोन्ही हातांनी पुढे पसरला. त्या बाईनं दांडे उलटे धरून झटकले. बी पडताना आवाज झाला, पावडर चाळावी इतका बारीक. मग तिनं दांडेही पदरातच ठेवले, वरून दोन हिरव्या मिरच्या ठेवल्या, जेवणात खा म्हणून, आणि घड्याळाकडे बघत चपला शोधायला लागली.

आईंनी तिला वाकून नमस्कार करू दिला नाही. तीही काही वाकली नव्हती म्हणा. आईंनीच तिच्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं आता त्या रडतील. त्या म्हणाल्या, "तुह्या ब्लाउजची बाही लहान झाली आहे. सौंसरले ये. सून माही फुकटात शिवून देईन."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. आईंना जागा मिळाली, मी शेजारी उभी. मी सारखी म्हणत होते, द्या, माझ्या पर्समध्ये घालते, पुडी बांधते, रुमालात बांधते. त्या ऐकेनात. पदराचं गाठोडं करून दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसल्या होत्या, नव्यानं लग्न झालेली पोर माहेराहून निघावी तशा. रस्ता खराब, बस उडत होती, पुढच्या सीटचा दांडा धरा असं मी ओरडले तरी त्यांनी तो धरला नाही.

कंडक्टर आला. "आजी, तिकीट."

आईंनी मानेनं माझ्याकडे दाखवलं.

"इच्याकडून घे बाबू," त्या म्हणाल्या. "माहे हात मोकळे नाहीत. मी माहेराहून येऊन राहिली."